बाबागाडी घेताय? आधी ब्रेक दाबून बघा!

ताईच्या किंवा वहिनीच्या बाळासाठी सगळ्यांनी मिळून स्ट्रोलर घ्यायचा प्लॅन ठरलाय? मग रंग, कपहोल्डर आणि डिस्काउंटच्या आधी काय बघायचं, ते वाचा.

मास कॉम शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला एक सीन वर्गात हमखास दाखवला जातो. सर्गेई आयझेनस्टाईनचा १९२५ सालचा मूकपट, 'बॅटलशिप पोटेमकिन'. ओडेसा शहरातल्या लांबलचक पायऱ्या. वरून गोळ्या झाडत खाली उतरणारे सैनिक. जीव मुठीत धरून पळणारी माणसं. त्यात बाबागाडी घेऊन आलेल्या एका आईला गोळी लागते, ती कोसळते, तिचा धक्का गाडीला बसतो आणि गाडी आतल्या बाळासकट धडधडत पायऱ्या उतरू लागते. एडिटिंग कशाला म्हणतात ते समजावं म्हणून हा सीन दाखवतात. आपण 'मोंताज'च्या नोट्स काढतो, परीक्षेत पाच मार्कांना लिहून मोकळे होतो. पण ज्याच्या घरात नुकतंच बाळ आलंय, त्याच्या मनात वेगळाच प्रश्न येतो. या गाडीला ब्रेक नव्हता का?

प्रश्न साधा आहे, पण दुकानात गेल्यावर नेमका तोच विचारायचा राहून जातो. म्हणून आज यूथ पानावर चक्क बाबागाडीबद्दल!

मामा झालास बे, आता गिफ्ट काय?

'बाळाच्या वस्तूंशी आमचा काय संबंध?' असं म्हणून पान उलटू नका. आपलं वयच असं आहे, की आई-बाबा व्हायला अजून वेळ आहे, पण मामा, मावशी, काका, आत्या होण्याचा सीझन सुरू झालाय. पहिलं बाळंतपण माहेरी, ही पद्धत आपल्याकडे अजून टिकून आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईत राहणारी ताई सातव्या महिन्यात सोलापूरला येते. मग बारशाच्या आठवडाभर आधी चुलत-मामे भावंडांचा व्हॉट्सॲप ग्रुप तयार होतो आणि सगळ्यांचे पाचशे-पाचशे गोळा होतात. चांदीचा वाळा आजी देणार, पाळणा घरचा आहे, कपडे तर ढिगानं येणार. मग कुणीतरी लिहितं, 'स्ट्रोलर देऊ या का?' लगेच दहा थम्स-अप.

पाच-सहा हजारांची ही खरेदी अनेकदा रात्री बारा वाजता, फोनवर, फोटो बघून होते. सध्याच्या किमती बघितल्या तर छत्रीसारख्या मिटणाऱ्या साध्या गाड्या साधारण अडीच-तीन हजारांपासून मिळतात. पाठ पूर्ण सपाट होणाऱ्या, दोन्ही दिशांना हँडल फिरणाऱ्या गाड्या पाच ते आठ हजारांच्या आसपास असतात. प्रवासासाठी छोट्या घड्या होणाऱ्या गाड्या त्याहून महाग. पैसे भरले की आपलं काम संपलं, असं आपल्याला वाटतं. पुढे दोनांपैकी एक काहीतरी होतं. एक तर ती गाडी बाल्कनीत उभी राहते आणि तिच्यावर टॉवेल वाळत पडतात. किंवा ती रोज वापरली जाते. रोज वापरली गेली, तर ती सुरक्षित आहे का, हा प्रश्न जिवाचा होतो.

हे घाबरवण्यासाठी सांगत नाहीये. अमेरिकेतल्या नेशनवाइड चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या संशोधकांनी १९९० ते २०१० या २१ वर्षांतल्या तिथल्या इमर्जन्सी विभागांच्या नोंदी तपासल्या. पाच वर्षांपर्यंतची सुमारे ३ लाख ६१ हजार मुलं स्ट्रोलर आणि बाळ उचलून न्यायच्या कॅरिअरमुळे झालेल्या दुखापतींसाठी तिथं आली होती. म्हणजे दिवसाला जवळपास ५०. स्ट्रोलरच्या बाबतीत सगळ्यात मोठं कारण होतं बाळ गाडीतून खाली पडणं, आणि त्यानंतर गाडीच उलटणं. ही दोन्ही कारणं बऱ्याच प्रमाणात टाळता येण्यासारखी आहेत.

तीन गोष्टींवर तडजोड नाही

फीचर्सची यादी कितीही लांब असू दे. झोप, पट्टे आणि ब्रेक या तीन गोष्टी आधी बघायच्या. यातली एक जरी नापास झाली, तरी ती गाडी नको.

झोप : नवजात बाळाची मान धरलेली नसते. डोकं शरीराच्या मानानं जड असतं. अशा बाळाला तिरकं बसवलं, तर हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाचा मार्ग अरुंद होतो. म्हणून बाळ आधाराशिवाय बसू लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिन्यांपर्यंत, पाठ जवळजवळ सपाट होणारी गाडीच हवी. छत्रीसारख्या मिटणाऱ्या बहुतेक स्वस्त गाड्यांची पाठ तेवढी मागे जात नाही. बारशाला द्यायच्या गाडीच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सांगते, की स्ट्रोलर, कार सीट अशा बसत्या साधनांचा रोजच्या झोपेसाठी वापर करूच नये. बाळाला गाडीत झोप लागली, तर घरी आल्यावर सपाट अंथरुणावर ठेवावं. आणि 'मऊ वाटावं' म्हणून गाडीत जाड उशी किंवा दुमडलेली गोधडी घालू नये. मऊपणात बाळाचं तोंड रुतू शकतं.

पट्टे : दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून, असे पाच पट्टे एका बकलात अडकले पाहिजेत. नुसता कमरेचा पट्टा असेल तर आठ-नऊ महिन्यांचं बाळ गाडीत उभं राहतं आणि पुढे झुकतं. पायांमधला पट्टा नसेल तर बाळ खाली घसरतं, आणि समोरच्या दांड्यात किंवा ट्रेमध्ये मान अडकण्याची भीती असते. पुढचा दांडा म्हणजे पट्टा नव्हे, हे लक्षात ठेवा. पट्टा लावल्यावर तो आणि बाळाचं अंग यांच्यामध्ये एक-दोन बोटं जावीत, पूर्ण हात नको. 'दोन मिनिटांसाठी कशाला लावायचा?' हे वाक्य आपण हेल्मेटबद्दलही ऐकतो. त्याचं उत्तरही आपल्याला माहीत आहे.

ब्रेक : चांगल्या गाडीत एकच पट्टी पायानं दाबली की मागची दोन्ही चाकं एकदम अडकतात. काही गाड्यांत प्रत्येक चाकाला वेगळा ब्रेक असतो. एक लावला आणि दुसरा विसरला, की गाडी जागेवर गोल फिरते. १५ ऑक्टोबर २००९ रोजी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात ॲशबर्टन स्टेशनवर एका आईनं क्षणभर हँडल सोडलं. उतरत्या प्लॅटफॉर्मवरून गाडी घरंगळली आणि येणाऱ्या लोकलसमोर रुळांवर पडली. आत सहा महिन्यांचं बाळ होतं. स्टेशनच्या कॅमेऱ्यात टिपलेला हा प्रसंग जगभर बघितला गेला. बाळ केवळ नशिबानं किरकोळ दुखापतीवर बचावलं. नियम एवढाच, हँडलवरून हात निघायच्या आधी पाय ब्रेकवर गेला पाहिजे. फोन खिशातून काढायचा असला तरीसुद्धा.

मिटताना बोटं सांभाळा

आज आपण 'अम्ब्रेला स्ट्रोलर' म्हणतो, ती छत्रीसारखी मिटणारी गाडी एका विमान इंजिनिअरच्या डोक्यातून आली. ओवेन मॅक्लारेन हे त्यांचं नाव. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या मिटणाऱ्या चाकांच्या डिझाइनवर त्यांनी काम केलं होतं. नातवंडाची अवजड गाडी बघून त्यांनी १९६५ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची हलकी गाडी बनवली. वजन जेमतेम तीन किलो. त्याआधीच्या बाबागाड्या म्हणजे छोटे टांगेच होते. इंग्लंडमध्ये १७३३ मध्ये विल्यम केंट यानं ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी बनवलेली गाडी तर बकरी किंवा छोटं घोडं जुंपून ओढायची होती!

हलकी आणि मिटणारी गाडी आली, तशी एक नवी अडचणही आली. जिथं सांधा मिटतो, तिथं बोट सापडू शकतं. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेत याच मॅक्लारेन कंपनीच्या सुमारे १० लाख गाड्यांबाबत रिकॉल जाहीर झाला. गाडी उघडताना किंवा मिटताना बिजागरीत बोट सापडून १२ मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या नोंदी समोर आल्या होत्या. उपाय म्हणून कंपनीनं बिजागऱ्यांवर बसवायची कव्हरं ग्राहकांना मोफत दिली. नाव असलेल्या, महागड्या कंपनीचीही ही गोष्ट आहे. त्यामुळे ब्रँड बघून निश्चिंत होऊ नका.

दुकानात गाडी स्वतः तीन-चार वेळा मिटून-उघडून बघा. बिजागऱ्या झाकलेल्या आहेत का? उघडल्यावर 'खट्' असा आवाज येऊन लॉक पक्कं बसतं का? मुख्य लॉकशिवाय आणखी एक लॉक आहे का? कारण बाळ आत असताना गाडी आपोआप मिटता कामा नये. आणि घरात दोन-तीन वर्षांचं दुसरं मूल असेल, तर गाडी उघडताना त्याला आधी हातभर लांब उभं करायचं.

शोरूमची फरशी आणि आपला रस्ता

दुकानातल्या चकचकीत फरशीवर कुठलीही गाडी लोण्यासारखी चालते. खरी परीक्षा बाहेर. जुळे सोलापुरातल्या कॉलनीचा अंतर्गत रस्ता, विजापूर रोडच्या कडेची खडी, नवी पेठेतली गर्दी, आणि दर शंभर फुटांवर कुणीतरी बांधलेला खासगी स्पीडब्रेकर. फूटपाथ असेल तर तो एवढा उंच, की गाडी उचलूनच ठेवावी लागते.

इथं चाकाचा आकार कामाला येतो. यामागचं शास्त्र अकरावीच्या फिजिक्सचंच आहे. चाक जितकं मोठं, तितका तोच दगड किंवा खड्डा त्याला छोटा. बोटभर उंचीच्या कडेवर छोटं चाक अडकून बसतं, मोठं चाक चढून जातं. छोटं चाक अचानक अडकलं, की मागून ढकलणाऱ्याचा जोर पुढे जातो आणि गाडी नाकावर कलते. म्हणून रोज बाहेर फिरवायचं असेल तर मोठी चाकं आणि सस्पेन्शन असलेली गाडी बघा. पुढची चाकं गोल फिरणारी हवीत, पण ती सरळ लॉकही करता आली पाहिजेत. खडबडीत जागी लॉक केलेली चाकंच नीट चालतात.

हवा भरायचे टायर ऐकायला भारी वाटतात. पण आपल्याकडे रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे पडलेले असतात. बाबागाडीचं पंक्चर काढत कोण बसणार? त्यापेक्षा भरीव फोमची किंवा रबरी चाकं बरी. कडक प्लॅस्टिकच्या चाकांचा मात्र प्रत्येक धक्का बाळापर्यंत पोहोचतो.

दुकानातून बाहेर पडायच्या आधी एक सोपी टेस्ट करा. घरून पाच किलो तांदळाची पिशवी न्या, सीटवर ठेवा, पट्टे लावा आणि दुकानदाराची परवानगी घेऊन गाडी दारातल्या पायरीवर चढवून-उतरवून बघा. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांच्या वागण्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. आणि हँडलला भाजीची पिशवी अडकवायची सवय नकोच. बाळाचं वजन कमी आणि पिशवीचं जास्त झालं, की गाडी मागे उलटते. सामानासाठी सीटखाली जाळी असते, तीच वापरायची.

सोलापूरचं ऊन

आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशी पार. त्यामुळे सोलापुरात गाडी घेताना ऊन हा वेगळा विषय लागतो.

ऊन लागू नये म्हणून आपण काय करतो? गाडीच्या छतावरून ओढणी किंवा टॉवेल टाकून पुढून पूर्ण झाकून घेतो. सावली होते, पण हवा कोंडते. स्वीडनच्या 'स्वेन्स्का डागब्लाडेट' या दैनिकानं २०१४ च्या उन्हाळ्यात हा प्रयोग करून बघितला. उघड्या गाडीत २२ अंश तापमान होतं. पातळ कापडानं झाकल्यावर अर्ध्या तासात ते ३४ वर गेलं आणि तासाभरात ३७ वर. हा स्वीडनचा उन्हाळा होता. आपल्या मे महिन्याचा हिशेब तुम्हीच करा.

२०२३ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी याच्या पुढची पायरी गाठली. कोरडं मलमल टाकल्यावर गाडीतलं तापमान अडीच अंशांहून जास्त वाढलं. तेच कापड ओलं करून आत छोटा पंखा लावला, तर ते जवळपास पाच अंशांनी उतरलं. आपल्याला यात नवल वाटायला नको. माठ आणि कूलर याच तत्त्वावर चालतात, आणि आपल्यासारख्या कोरड्या हवेत पाणी पटापट उडत असल्यामुळे ते चांगले चालतात. पण कापड सुकलं की फायदा संपला, ते पुन्हापुन्हा ओलं करावं लागतं. शिवाय हवा खेळायला जागा हवी आणि पंख्याच्या पात्यांपासून बाळाची बोटं लांब हवीत. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे उन्हात न्यायचंच नाही. सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर.

म्हणून गाडी घेताना छत मोठं, पुढपर्यंत येणारं आणि मागे जाळीची खिडकी असलेलं बघा. कापड फिकट रंगाचं आणि हवा जाणारं असावं. काळी गाडी फोटोत रुबाबदार दिसते, पण उन्हात तव्यासारखी तापते. उन्हात उभी राहिलेली गाडी असेल तर बाळाला ठेवण्याआधी बकल आणि दांड्याला स्वतःचा हात लावून बघा. आणि हो, आपली सोलापुरी चादर जगात भारी आहे, पण ती गाडीवर पांघरून सगळीकडून खोचायची नाही. थंडीतही बाळाचं तोंड उघडं आणि आपल्याला दिसेल असं पाहिजे.

उन्हासोबत धूळ आणि धूर आहेच. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात प्रा. प्रशांत कुमार यांच्या टीमनं २०१८ मध्ये मांडलं, की वाहत्या रस्त्याच्या कडेला बाबागाडीतलं बाळ मोठ्या माणसापेक्षा ६० टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषित हवा घेऊ शकतं. कारण सोपं आहे. बाळाचं नाक गाड्यांच्या सायलेन्सरच्या उंचीवर असतं. त्यामुळे दोन गाड्यांमध्ये निवड करायची असेल तर उंच सीटची घ्या. फिरायला मुख्य रस्त्याऐवजी आतली गल्ली किंवा बाग निवडा.

रिक्षा, रेल्वे आणि दुसरा मजला

माहेरपण संपलं की बाळ पुण्याला जाणार. म्हणजे गाडीही हुतात्मा एक्स्प्रेसनं जाणार! तिथं लिफ्ट आहे का? असली तर केवढी? इथं आजीच्या घरी जिना आहे का? घरचं दार किती रुंद आहे? गिफ्ट ठरवण्याआधी ताईला हे चार प्रश्न विचारा आणि मोजपट्टी काढा. सरप्राइज थोडं फुटलं तरी चालेल.

मजबूत, मोठ्या चाकांची गाडी दहा किलोच्या आसपास भरते. एका कडेवर बाळ आणि दुसऱ्या हातात दहा किलो घेऊन दोन मजले चढायचे असतील, तर ती गाडी तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरच राहील. छत्रीसारखी गाडी हलकी असते, पण मिटल्यावर लांबट होते आणि रिक्षात आडवी बसत नाही. म्हणजे सगळ्यांसाठी बेस्ट अशी एक गाडी नसतेच. रोज कॉलनीत फिरवणार असाल तर चाकं बघा. महिन्यातून दोनदा प्रवास असेल तर घडी आणि वजन बघा.

ट्रेनमध्ये चढताना आधी बाळाला उचलायचं, मग गाडी मिटायची. बाळ आत असताना गाडी दोघांनी धरून डब्यात चढवू नका. मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर तर गाडी अजिबात नाही, लिफ्टच वापरायची. आणि बाबागाडी म्हणजे कार सीट नव्हे. टू-व्हीलरवर बाळाला न्यायचं असेल तर त्यासाठी वेगळा नियम आहे. चार वर्षांखालच्या मुलासाठी सेफ्टी हार्नेस आणि हेल्मेट, आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा. हा केंद्राचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. गाडीवर मागे बसून मिटलेली बाबागाडी धरायची आणि पुढे बाळ, ही आपली लाडकी कसरत यात बसत नाही.

पांगुळगाडा वेगळा, बाबागाडी वेगळी

ग्रुपवर कुणीतरी हमखास लिहितं, 'स्ट्रोलर महाग पडतोय, वॉकर देऊ.' वॉकर म्हणजे मधे बाळ अडकवून ठेवायचं गोल, चाकांचं साधन. आपला जुना लाकडी पांगुळगाडा मुलाला मागून ढकलत चालायला लावायचा. हा वॉकर मात्र मूल चालायला शिकायच्या आधीच त्याला वेग देतो. त्यातून जिन्यावरून पडणं, गरम भांड्यापर्यंत पोहोचणं असे अपघात होतात, आणि चालणं काही लवकर येत नाही. कॅनडानं तर एप्रिल २००४ पासून अशा वॉकरच्या विक्रीवर आणि आयातीवर बंदी घातली आहे. बजेट कमी पडत असेल तर डायपरचे पॅक द्या, पण वॉकर नको.

नवी की वापरलेली?

गाडीचा उपयोग जेमतेम दोन-तीन वर्षांचा. त्यामुळे मावसबहिणीकडची वापरलेली गाडी घेणं यात कमीपणा काही नाही, उलट शहाणपण आहे. फक्त ब्रेक, दोन्ही लॉक, बकल आणि पट्ट्यांची शिवण नीट तपासा. चाक डुगडुगतंय का, कुठं गंज आहे का बघा. तुटलेलं लॉक तारेनं बांधलेलं असेल किंवा हरवलेल्या पट्ट्याच्या जागी नाडी असेल, तर ती गाडी सोडून द्या. कापड काढून धुता येतं का, हेही विचारा. बाळांच्या बाबतीत हे रोजचं काम आहे.

नवी घेताना बॉक्सवर 'ईएन १८८८' किंवा 'एएसटीएम एफ८३३' असा उल्लेख आहे का बघा. पहिलं युरोपचं आणि दुसरं अमेरिकेचं, स्ट्रोलरसाठीचं सुरक्षा मानक आहे. किती किलोपर्यंत आणि कोणत्या वयापासून वापरायची, हे वाचा. 'शून्य महिन्यांपासून' असं लिहिलेलं असलं तरी पाठ खरंच सपाट होते का, हे स्वतः बघा. उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा.

एक खास बारशाची गोष्ट. आपल्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतीण बाहेर पडत नाहीत. म्हणजे बाराव्या दिवशी दिलेली गाडी जवळपास महिनाभर बॉक्समध्येच राहते. तोवर ऑनलाइन रिटर्नची मुदत कधीच संपलेली असते. म्हणून गिफ्ट रॅप करण्याआधीच बॉक्स उघडा, गाडी जोडा, सगळं तपासा आणि बिल बॉक्समध्येच ठेवा. वस्तू सदोष निघाली आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

दुकानात दहा मिनिटं : चेकलिस्ट

• पाठ जवळजवळ सपाट होते का? (सहा महिन्यांखालच्या बाळासाठी सक्तीचं)
• पट्टे पाच आहेत का? बकल मोठ्यांना सहज, बाळाला अवघड आहे का?
• ब्रेक एका पायात लागतो का? लावल्यावर ढकलून बघितलं तर गाडी हलते का?
• दुहेरी लॉक आहे का? बिजागऱ्या झाकलेल्या आहेत का?
• तांदळाची पिशवी ठेवून पायरी चढते का? मागे झुकते का?
• छत मोठं, कापड फिकट, मागे जाळी?
• मिटल्यावर वजन आणि लांबी किती? रिक्षात, लिफ्टमध्ये बसेल का?
• कापड धुता येतं का? सुटे भाग मिळतात का?

गाडी चालवणार कोण?

हा प्रश्न आपण शेवटी विचारतो, पण खरं तर तो पहिला आहे. ताई दमलेली असते, भाऊजी पुण्यात. हुतात्मा बागेत संध्याकाळी बाळाला फिरवून आणणार आजोबा, आणि पट्टे लावणार आजी. आजोबांची उंची जास्त असेल तर हँडल वरखाली होणारं हवं, नाहीतर आठवड्यात त्यांची कंबर धरेल. आजींच्या बोटांत बकल दाबायची ताकद आहे का, हे बकल त्यांच्याच हातात देऊन बघा. मॅन्युअल इंग्रजीत, बारीक अक्षरात असतं. ते त्या दोघांपैकी कुणीही वाचणार नाही.

तेव्हा गाडी दिल्यावर अर्धा तास थांबा. अंगणात तांदळाची पिशवी बसवून दोघांना चार वेळा पट्टा लावायला, ब्रेक दाबायला आणि गाडी मिटायला लावा. आपण त्यांना यूपीआय शिकवलं, रील बघायला शिकवलं. हे तर त्याहून सोपं आहे. ब्रेकच्या पट्टीला लाल चिकटपट्टी लावून ठेवली, तर चष्मा नसतानाही ती दिसेल. ती दहा रुपयांना मिळते.